मुलाच्या अंगात तीन औषधांचे काय होते?

एच.आय.व्ही.ची बाधा झालेल्या मुलाला तीन औषधे एकदम का देतात, असे पालक विचारतात. एकच औषध अर्धेमुर्धे फवारले की मागे उरलेली कीड त्याला दाद देत नाही, हे शेतकऱ्याला सांगायला नको. हा विषाणूही तसाच चिवट. म्हणून तिन्ही औषधे रक्तात रोज पुरेशी राहिली पाहिजेत.

लहानांसाठी अबाकावीर, लामिवुडीन आणि डोल्युटेग्रावीर यांची मिळून पाण्यात विरघळणारी एक गोळी आता निघाली आहे. अमेरिकेत तिला २०२२ साली मंजुरी मिळाली. तिन्ही औषधे पोटातून एकत्र रक्तात जातात, पण बाहेर पडण्याच्या त्यांच्या वाटा निराळ्या. लामिवुडीन बहुतेक जसेच्या तसे मूत्रपिंडातून लघवीवाटे निघून जाते. बाकीची दोन मुख्यतः यकृतात मोडली जातात.

नवजात बाळाचे यकृत या कामात मंद असते, त्यामुळे औषध अंगात साचते. पुढे मात्र उलटे होते. दोन-चार वर्षांचे मूल वजनाच्या मानाने मोठ्या माणसापेक्षा औषध लवकर संपवते. हिशेब पाहा. एका गोळीत अबाकावीर ६०, लामिवुडीन ३० आणि डोल्युटेग्रावीर ५ मिलिग्रॅम असते. सहा ते दहा किलोच्या बाळाला अशा ३ गोळ्या, वीस ते पंचवीस किलोच्या मुलाला ६. म्हणजे वीस किलोच्या मुलाला अबाकावीर ३६० मिलिग्रॅम मिळते, तर साठ किलोच्या बापाला ६००. वजन तिसरा हिस्सा, पण औषध निम्म्याहून जास्त! डोल्युटेग्रावीरची गंमत आणखी वेगळी. पाण्यात विरघळणारी गोळी अंगात अधिक शोषली जाते. तिचे ३० मिलिग्रॅम म्हणजे मोठ्यांच्या साध्या गोळीतले ५० मिलिग्रॅम.

तेव्हा बापाची गोळी सुरीने कापून अंदाजाने मुलाला देऊ नये, आणि एका जातीच्या गोळीऐवजी दुसरी परस्पर देऊ नये. दर भेटीला मुलाचे वजन करून घ्यावे. वजन वाढले आणि गोळ्या तेवढ्याच राहिल्या, तर औषध अपुरे पडून विषाणू निर्ढावतो.

लोह, कॅल्शियम किंवा आम्लपित्ताचे औषध चालू असेल तर डॉक्टरांना सांगावे. ही पोटातच डोल्युटेग्रावीरला धरून ठेवतात व ते रक्तात जाऊ देत नाहीत. गोळी त्यांच्या २ तास आधी किंवा ६ तासांनंतर द्यावी. लोह-कॅल्शियम मात्र जेवणासोबत त्याच वेळी दिले तरी चालते.

अबाकावीर सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत ताप, पुरळ, उलट्या किंवा दम लागणे अशी लक्षणे एकत्र दिसली तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. या कारणाने डॉक्टरांनी औषध बंद केले, तर ते पुन्हा कधीही द्यायचे नाही. दुसऱ्यांदा दिले तर जिवावर बेतू शकते.

सर्वांत मोठी अडचण क्षयाची. क्षयावरचे रिफाम्पिसिन यकृताला इतके कामाला लावते की डोल्युटेग्रावीर वेळेआधीच संपते. एच.आय.व्ही.बाधित मुलांत क्षय नेहमी आढळतो, म्हणून ही गोष्ट कानाआड करू नये. अशा वेळी डॉक्टर डोल्युटेग्रावीर दिवसातून दोनदा देतात. रिफाम्पिसिन थांबले तरी यकृताचा तो वेग लगेच उतरत नाही; दुसरी मात्रा आणखी २ आठवडे चालू ठेवावी लागते.