माहितीपुस्तिकेचे लेखन : चित्रफितीतील शीर्षके

मागील पाठात आपण सूचनाफलक आणि माहितीपत्रक यांच्या लेखनाचा परिचय करून घेतला. संगणकीय साधनाची माहितीपुस्तिका हा त्याच लेखनाचा पुढचा, आणि थोडा अवघड, प्रकार होय. त्यासाठी एक उदाहरण घेऊ.

पडद्यावरील अक्षरे ही जवळजवळ चित्रपटाइतकीच जुनी सोबत आहे. १९१३ साली प्रदर्शित झालेला दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा मूकपट होता. दृश्यांच्या मधून येणाऱ्या लिखित पाट्याच त्याची कथा प्रेक्षकांपर्यंत पोहोचवीत. पुढे चित्रपट बोलू लागला, तरी श्रेयनामावली आणि उपशीर्षके राहिलीच.

आज चित्रफितीचे संपादन घरच्या संगणकावरही होते. मात्र स्नेहसंमेलनाच्या चित्रफितीत साठ मुलांची नावे द्यायची असतील, तर प्रत्येक नाव टाइप करून योग्य क्षणी बसविण्याचे काम साठ वेळा करावे लागते. हा त्रास वाचविण्यासाठी एखादा जाणकार छोटासा प्रोग्रॅम तयार करतो. तो नावांची यादी वाचतो आणि एकेका दृश्यावर एकेक नाव क्रमाने ठेवतो. साधन तयार झाले. परंतु ते इतरांना वापरता यावे, यासाठी कोणीतरी त्याची माहिती लिहिली पाहिजे. हे काम बहुधा शेवटच्या दिवशी, घाईने उरकले जाते.

समजा, पुस्तिकेत एवढेच लिहिले आहे : ‘नावांची यादी दिली असता शीर्षके आपोआप तयार होतील.’ वाक्य शुद्ध आहे, पण अपुरे आहे. वापरणाऱ्याला एका मुलाचे नाव ठाऊक नव्हते, म्हणून त्याने ती ओळ रिकामी सोडली. साधन रिकामी ओळ वगळते, हे पुस्तिकेत कोठेच नाही. परिणामी पुढच्या मुलाचे नाव या मुलाच्या चेहऱ्याखाली आले आणि तेथून शेवटपर्यंत प्रत्येक नाव एकेक घर मागे सरकले. चित्रफीत सर्व पालकांसमोर दाखविली गेली. आपल्या लेकीच्या चेहऱ्याखाली परक्याचे नाव वाचणाऱ्या आईला हा दोष साधनाचा की पुस्तिकेचा, याच्याशी काय कर्तव्य? ‘नाव ठाऊक नसल्यास त्या जागी एक आडवी रेघ द्या, ओळ रिकामी सोडू नका’ हे एक वाक्य पुरेसे होते.

उपशीर्षकांसाठी ‘एसआरटी’ नावाचे फाइलस्वरूप प्रचलित आहे. केडेनलाइव्हसारख्या मुक्त संपादनप्रणालीत अशी फाइल थेट घेता येते. तिच्या प्रत्येक नोंदीत प्रथम क्रमांक, मग आरंभाची व शेवटची वेळ, त्याखाली मजकूर आणि अखेरीस एक रिकामी ओळ असते. येथे रिकामी ओळ हीच नोंद संपल्याची खूण आहे. म्हणजे एकीकडे जी ओळ टाळायची, तीच दुसरीकडे अनिवार्य! वेळ ००:०१:१२,५०० अशी लिहितात. तिचा अर्थ एक मिनिट साडेबारा सेकंद. वाचनाच्या सोयीसाठी आम्ही देवनागरी अंक छापले आहेत. फाइलमध्ये मात्र आंतरराष्ट्रीय अंकच लिहावेत, कारण बहुतेक प्रोग्रॅमना वेळेच्या ओळीत तेच अंक अपेक्षित असतात. ही गोष्ट मराठी वापरणाऱ्याला मुद्दाम सांगावी लागते. इंग्रजी पुस्तिकेच्या अनुवादात ती सापडणार नाही.

लिपीचेही तसेच आहे. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर संगणकात मुळात रोमन अक्षरांच्या रूपाने साठविला जातो. साधनाने तो उचलला, की पडद्यावर निरर्थक अक्षरे उमटतात. म्हणून ‘यादी युनिकोडमध्ये टाइप करा आणि यूटीएफ-८ हा पर्याय निवडून सेव्ह करा’ असे स्पष्ट लिहावे. तसेच, पहिल्या तीन शीर्षकांतील जोडाक्षरे आणि ऱ्हस्व वेलांटी पडद्यावर तपासून पाहण्याची सूचनाही द्यावी. काही प्रणालींत ‘कि’मधील वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन पडते.

आता भाषेविषयी. ‘फाइल जतन केली जावी’ या कर्मणी रचनेत काम कोणी करायचे, तेच कळत नाही. ‘फाइल सेव्ह करा’ हा आज्ञार्थ अधिक योग्य. मराठी प्रतिशब्दांचा आम्हालाही अभिमान आहे. परंतु पडद्यावरील बटणावर ‘सेव्ह’ असेल, तर पुस्तिकेतही तोच शब्द हवा. एका वाक्यात एकच कृती सांगावी आणि कृती ज्या क्रमाने करायच्या, त्याच क्रमाने वाक्ये यावीत. ‘बटण दाबा, पण त्याआधी मूळ चित्रफितीची प्रत काढा’ असे लिहिले, तर वाचणाऱ्याचे बोट बटणावर आधीच पडलेले असते.

पाठगत प्रश्न
१. ‘यादी दिली गेल्यावर शीर्षकांची निर्मिती केली जाते’ हे वाक्य आज्ञार्थात लिहा.
२. नावांच्या यादीतील रिकामी ओळ आणि एसआरटी फाइलमधील रिकामी ओळ यांतील फरक दोन वाक्यांत सांगा.
३. आपल्या घरातील एखाद्या उपकरणाची माहिती, ते कधीही न वापरलेल्या व्यक्तीसाठी लिहा. ती त्या व्यक्तीला वाचायला द्या. ती कोठे अडखळते ते नोंदवून मजकूर सुधारा.