शत्रूंची यादी

शिंदखेड्यात तीस वर्षं इतिहास शिकवला. लोकांचा शत्रू कोण, हा प्रश्न परीक्षेत कधी आला नाही. वर्गात, रस्त्यावर आणि एकदा माझ्या ओट्यावर मात्र आला. त्यातून जे कळलं ते लिहून ठेवतो.

१. दप्तरात काय लिहिलंय ते वाचावं, पण दप्तर कोणाचं तेही पाहावं.

चिमठाणे आमच्याच तालुक्यातलं, दोंडाईच्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं. १४ एप्रिल १९४४ रोजी धुळ्याहून नंदुरबारला निघालेला सरकारी खजिना तिथे लुटला गेला. रक्कम साडेपाच लाखांच्या घरात. साताऱ्याच्या प्रतिसरकारचे जी. डी. बापू लाड आणि नागनाथअण्णा नायकवडी, आपल्याकडचे डांगरीचे डॉ. उत्तमराव पाटील, सातारा आणि खानदेश मिळून केलेलं ते काम. भूमिगत चळवळ चालवायला पैसा हवा होता. इंग्रज सरकारच्या लेखी हा सरळसरळ दरोडा. नागनाथअण्णा पुढे पकडले गेले आणि त्याच वर्षी साताऱ्याच्या तुरुंगाची भिंत ओलांडून निसटले. २००९ साली त्याच माणसाला भारत सरकारने पद्मभूषण दिलं. मधे पासष्ट वर्षं गेली. माणूस तोच, सरकार बदललेलं.

मी दरवर्षी मुलांना चिमठाण्याला न्यायचो. एकदा सातवीतल्या एका पोराने विचारलं, "सर, खजिन्यासंगे जे पोलीस व्हते, ते बी आपलेच लोक व्हते ना?" मी म्हणालो, "हो रे, आपलेच. पोटासाठी नोकरी करत होते." त्याने मान हलवली, पण त्याचं समाधान झालं नव्हतं. माझंही नाही. लूट योग्य होती असं मी तेव्हाही मानत होतो, आजही मानतो. तरी त्या दिवसापासून हा धडा शिकवताना मी पोलिसांचा उल्लेख टाळला नाही.

२. राखणदार आणि बंडखोर यांच्यात कधी कधी एका हुकमाचंच अंतर असतं.

खाजा नाईक आधी सरकारच्याच चाकरीत, मुंबई-आग्रा रस्त्यावरचा सेंधव्याचा घाट राखणारा. १८५७ मध्ये तो उठला, खजिना लुटला, १८५८ ला आंबापाणीला भिल्लांची इंग्रजी फौजेशी लढाई झाली. शिरपूरकडच्या भिल्ल वस्तीत त्याचं नाव आदराने घेतात. इंग्रजांच्या जुन्या पुस्तकांत तो लुटारू आहे.

३. खरा गुंडही असतो, हे विसरू नये.

रोमच्या सिनेटने इसवी सन ६८ मध्ये नीरो बादशहालाच जनशत्रू ठरवलं होतं. पण हा शब्द जगभर गाजला तो शिकागोमुळे. १९३० साली तिथल्या एका नागरी संस्थेने गुंडांची यादी काढली आणि अल कपोनला 'पहिल्या क्रमांकाचा जनशत्रू' म्हटलं. तो खुनशी माणूस होता, त्याची कीव करायचं कारण नाही. मात्र त्याला शेवटी तुरुंगात धाडलं ते आयकर चुकवल्याबद्दल. नुसती यादी काढून कुणाला शिक्षा होत नाही. त्यासाठी पुरावा लागतो, खटला लागतो. हा फरक मी मुलांना फळ्यावर लिहून दाखवायचो.

४. गाण्याला घाबरणाऱ्याने आधी गाणं ऐकावं.

माझा एक जुना विद्यार्थी आता दोंडाईच्याला मोबाईल दुरुस्त करतो. त्याने मला कानात घालायला वायर दिली आणि अमेरिकेतल्या काळ्या तरुणांच्या एका गटाचं रॅप ऐकवलं. गटाचं नावच 'पब्लिक एनिमी'. त्यांचं चिन्ह बंदुकीच्या नेमात सापडलेल्या माणसाची आकृती. तुम्ही आम्हाला शत्रूच समजता ना, मग तेच आमचं नाव, असा त्यातला भाव. १९८९ साली आलेलं त्यांचं 'फाइट द पॉवर' जगभर गेलं. मला शब्द कळले नाहीत, ठेका कळला. सत्यशोधक जलशांची, अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख यांच्या लाल बावटा कलापथकाची परंपरा असलेल्या आपल्या मुलखाला तो परका वाटायचं कारण नाही. एप्रिल २०२३ मध्ये राज मुंगासे या मराठी रॅपरवर राजकीय गाण्यावरून अंबरनाथला गुन्हा दाखल झाला, तेव्हा तोच पोरगा मला म्हणाला, "सर, गाणं म्हणनं तर गुन्हा?" सत्तेवर टीका करणारा जनतेचा शत्रू नसतो, हे मी त्याला ठामपणे सांगितलं.

५. अफवेची यादी सगळ्यात लवकर तयार होते.

जून २०१८. पोरं पळवणारी टोळी फिरते आहे, असे निरोप प्रत्येक फोनवर. दुपारी आमच्या गल्लीत एक डवरी गोसावी आला. भगवा फेटा, खांद्याला झोळी, हातात छोटी डवर. दरवर्षी कुणी ना कुणी येतंच, आई मूठभर ज्वारी घालायची. त्या दिवशी चार जण त्याच्याभोवती जमले. "कथाईन उना रे भो? आधार कार्ड दखाड." गल्लीत सगळे मला मानतात, म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मीही म्हणालो, "दाखव बाबा, असेल तर."

त्याने झोळी खाली ठेवली. ज्वारी, एक जुनं धोतर, भैरवनाथाचा फोटो आणि तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं कार्ड. ते काढताना त्याची बोटं थरथरत होती. पत्ता सोलापूर जिल्ह्यातला. मी वाचून परत दिलं, लोक पांगले. पाणी विचारलं तर नको म्हणाला.

१ जुलैला, रविवारी, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून. मुलीशी बोलले, एवढाच संशय. त्यांतले बहुतेक मंगळवेढ्याकडचे होते.

बातमी वाचताना मला ती थरथरणारी बोटं दिसली. राईनपाड्यातल्या पाच जणांकडेही ओळखपत्रं मागितली गेली असतील का, कुणी मास्तर तिथे उभा होता का, हे मनातून जात नाही. मी त्या दुपारी "हा आपल्याकडे दरवर्षी येतो, जाऊ द्या" म्हणू शकलो असतो. ते वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही.

त्यानंतरच्या दिवाळीला आईने दोनदा विचारलं, यंदा डवर वाजली नाही का रे. ज्वारीची वाटी तिने ओट्यावरच्या कोनाड्यात तशीच ठेवली होती.