सूर आणि आस



सिलिकॉनची कंप पावणारी इवलीशी पट्टी तू आता संगणकावर बांधू लागली आहेस, म्हणून एक गोष्ट पोटतिडकीने सांगतो. सिम्युलेशन पट्टीचा सूर सांगेल; त्या सुराची आस किती टिकेल, हे मात्र ऊर्जा कुठून गळते ते तू सांगितल्याशिवाय त्याला कळणार नाही. सूर तर कागदावरही निघतो. 100 मायक्रॉन लांब, 2 मायक्रॉन जाड, एका टोकाला जखडलेली पट्टी घे. यंग गुणांक 169 गिगापास्कल धरला तर कंपनसंख्या सुमारे 275 किलोहर्ट्झ येते. स्फटिकाची दिशा बदलून तो 130 झाला की 240 च्या आसपास उतरते. आसेचं तसं नाही. ऊर्जा भोवतालच्या हवेत जाते, वाकताना पट्टीच्या एका अंगाकडून दुसऱ्या अंगाकडे वाहणाऱ्या उष्णतेत जाते, आणि बुडातून ध्वनिलहरी होऊन चिपमध्येही जाते. मॉडेलमध्ये पट्टीचं बूड ‘स्थिर’ ठरवलंस की ही तिसरी वाट तिथेच बुजते, गळती शून्य. खाली चिपचा तुकडा जोडून त्याच्या कडा तशाच सोडल्यास, तर लहर कडेवर आपटून परत येते आणि तुकड्याच्या मापाबरोबर उत्तर हलत राहतं. म्हणून कडेला लहरी गिळणारा थर लावतात. बेरेंजे यांनी 1994 मध्ये तो विद्युतचुंबकीय लहरींसाठी मांडला. पुढे तो ध्वनीच्याही कामी आला.

मेश, म्हणजे हिशेबासाठी पट्टीचे पाडलेले तुकडे, बारीक केली की सगळं नीट येईल, असं तुला वाटेल. पण बारीक मेशने समीकरणात आहे तेवढंच नेमकं होतं, नाही ते उगवत नाही. मोजलेला क्यू, म्हणजे आस किती टिकते त्याचा आकडा, मॉडेलमध्ये घालावा, हा आक्षेप जास्त वजनदार आहे. जरूर घाल, फक्त त्याला भाकीत म्हणू नकोस. उद्या पट्टीखालची फट 2 ची 1 मायक्रॉन केलीस तर दबणाऱ्या हवेचा अडसर आठपटीच्या घरात जातो (मायक्रोफोनच्या मागच्या पाटीला भोकं पाडतात ती हवेला वाट द्यायलाच), आणि कालचा आकडा बाद होतो. शिवाय इथे बेरीज क्यूच्या व्यस्तांची होते: हवेचा 100 आणि बुडाचा 10,000 असेल तर एकूण 99. तिथे थराची जाडी बदलत आठवडा घालवणं व्यर्थ. आधी नमुना निर्वात पेटीत ठेवून मोजून घे. क्यू उसळला तर गळती हवेची होती. जागचा हलला नाही, तर त्याच मापाच्या पण बूड वेगळ्या तऱ्हेने जखडलेल्या दोन पट्ट्या मागव, आणि त्यांतला फरक हाती आला की मगच तो थर लाव.

तुझा मामा