अस्सल प्रत आणि नक्कल

चि. अनिरुद्ध यास,

तुझे पत्र पावले. वेबपानांच्या रूपसज्जेचे काम आता स्वतंत्रपणे तुझ्या हाती सोपवण्यात आले आहे, हे वाचून घरातील सर्वांस संतोष वाटला. परंतु पानात एखादा दोष आढळताच तू सर्व्हरवरील चालू स्टाइलशीट उघडून तिच्यातच फेरफार करतोस, आणि तेवढ्याने भागले नाही तर आणखी फेरफार करतोस, असे जे तू त्याच पत्रात सहजगत्या लिहून गेला आहेस, त्याविषयी चार शब्द लिहिल्यावाचून मला राहवत नाही. जे पान या क्षणी कोणी तरी वाचत आहे, ते प्रयोगाचे स्थान नव्हे. प्रयोग नकलेवर करावा, आणि अस्सल प्रतीस हात लावावयाचा तो दोषाचे कारण निःसंशय कळल्यावरच.

ब्राउझरच्या इन्स्पेक्टमध्ये नियम बदलून पाहण्याची सोय असता नक्कल कशाला, असे तू विचारशील. ती सोय उत्तमच आहे. परंतु तेथे केलेले सारे बदल पान रिफ्रेश होताच नाहीसे होतात, आणि दुपारभर खटपट करूनही नेमक्या कोणत्या बदलाने गुण आला, याचा काहीच पुरावा मागे उरत नाही. क्रोममध्ये असे बदल आपल्या संगणकावर राखून ठेवणारी लोकल ओव्हरराइड्स नावाची तजवीज २०१८ पासून आहे, तीही अवश्य शीक. तथापि पान आपल्या दप्तरी उतरवून घेण्याची सवय त्याआधी लागावी, असे माझे मत आहे.

कंट्रोल आणि एस या कळा दाबल्यावर जे पर्याय पुढे येतात, त्यांपैकी ‘वेबपेज, कम्प्लीट’ हा निवडावा, म्हणजे एक एचटीएमएल फाइल आणि तिच्याच नावाचा एक फोल्डर मिळतो, ज्यात चित्रे, स्क्रिप्ट व स्टाइलशीट येतात. नुसत्या एचटीएमएलमध्ये पानाचा सांगाडा तेवढा येतो. आणि सारे एकाच फाइलीत बांधणारा पर्याय जतन करण्यास चांगला असला, तरी दुरुस्तीस गैरसोयीचा. उतरवलेल्या प्रतीची लगेच दुसरी प्रत काढ. पहिलीस कधीही हात लावू नकोस, आणि जे काय करायचे ते दुसरीवर कर.

मात्र दुरुस्तीस आरंभ करण्यापूर्वी नकलेची अस्सलाशी रुजवात घे. दोन्ही पाने एकाच रुंदीच्या खिडक्यांत शेजारी शेजारी ठेवून पाहा. स्टाइलशीटच्या पोटातून मागवलेले फाँट व पार्श्वभूमीची चित्रे पुष्कळदा नकलेत उतरत नाहीत. तिरप्या रेघेने सुरू होणारे पत्ते, फाइल थेट डिस्कवरून उघडली की, संकेतस्थळाच्या मुळाशी न जाता डिस्कच्या मुळाशी जातात व तेथे काहीच सापडत नाही. जतन झालेली फाइल बहुधा स्क्रिप्ट चालून गेल्यानंतरच्या स्थितीतली असते, त्यामुळे नकलेत तीच स्क्रिप्ट पुन्हा धावते आणि मेनू दोनदा उमटतो. केवळ रूपाचा प्रश्न असेल तर ते स्क्रिप्टचे टॅग सरळ काढून टाकावेत. फोल्डर पायथनमधील अंगभूत सर्व्हरवरून चालवलास तर पत्त्यांच्या पुष्कळ अडचणी टळतात. ही रुजवात झाली नाही, तर तू दोष शोधशील तो नकलेचा, पानाचा नव्हे.

आता तू पाठवलेले शीर्षक घे. ‘सह्याद्रीतील किल्ल्यांची भ्रमंती’ या अक्षरांची शिरोरेषा जागोजाग तुटलेली आहे, आणि वरच्या वेलांट्या कापल्या गेल्या आहेत. तू तीन फाँट बदलून पाहिलेस, परंतु फाँटचा यात अपराध नाही. नकलेत शीर्षकावर इन्स्पेक्ट उघड आणि कम्प्युटेडच्या यादीत लेटर-स्पेसिंग पाहा. ती शून्याहून अधिक असून कोणत्या फाइलीच्या कोणत्या ओळीतून आली, हेही तेथेच कळेल. रोमन लिपीतील मोठी अक्षरे सुटी असल्याने त्यांच्यात अंतर घातलेले शोभून दिसते. देवनागरीत तेच अंतर शिरोरेषेला खिंडार पाडते. तो एकच नियम बंद कर व रेषा सांधली जाते का पाहा. मग वेलांट्यांकडे वळ: लाइन-हाइट एक ठेवून ओव्हरफ्लो हिडन केला असेल, तर शिरोरेषेवरील मात्रा आणि जोडाक्षरांखालचे उकार चौकटीबाहेर जाऊन छाटले जाणारच. ही छाटणी फाँटागणिक कमीजास्त होते, म्हणून नकलेत मूळ फाँट उतरला आहे ना, याची खात्री आधी हवी. पानाच्या भाषेची नोंद एमआर अशी करून, मराठीपुरते लेटर-स्पेसिंग नॉर्मल आणि लाइन-हाइट दीडच्या आसपास ठेवलीस की काम झाले.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हे मी आग्रहाने सांगतो, कारण एकाच गोष्टीवर अनेक नियमांचा अंमल असू शकतो. होकोन विउम ली यांनी १९९४ साली सर्नमध्ये असताना सीएसएस या शैलीभाषेची कल्पना मांडली आणि १९९६ च्या डिसेंबरात तिची पहिली शिफारस प्रसिद्ध झाली, तेव्हापासून ब्राउझर, वाचक आणि लेखक अशा तिघांचेही नियम एकाच पानावर अंमल करू शकतील अशीच तिची रचना आहे. कोणाचा नियम चालावा हे त्याचा उगम, त्याची विशिष्टता आणि त्याचा क्रम यांवरून ठरते. एका आयडीपुढे कितीही क्लास हलके पडतात. हे न उलगडता जो प्रत्येक ओळीस इम्पॉर्टंट जोडीत सुटतो, तो दोष दूर करीत नाही, पुढच्या माणसासाठी झाकून ठेवतो. असे काम मला नापसंत आहे.

बदलाची नोंद ठेव, फसलेल्या बदलाचीही. तुझ्या पुण्यातच भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ साली आरंभ होऊन १९६६ साली पुरी झालेली महाभारताची चिकित्सित आवृत्ती एकदा उघडून पाहा. न स्वीकारलेले पाठभेदही तेथे प्रत्येक पानाच्या तळाशी नोंदवलेले दिसतील. तुझ्यासाठी हेच काम गिट करील.

आणखी एक. लॉगिन करून उतरवलेल्या पानात लोकांची नावे व खाजगी मजकूर असतो. अशी नक्कल कोणास पाठवू नये, आणि काम झाल्यावर पुसून टाकावी.

येत्या रविवारपर्यंत त्या शीर्षकाची मूळ प्रत, दुरुस्त प्रत आणि दोहोंतील फरक मला पाठव. फरक चार ओळींहून अधिक असेल, तर प्रत्येक ओळीचे कारण सोबत लिही.

तुझा,
काका