मुलांचा मराठी अभ्यास : 'तो' म्हणजे कोण?

नामाऐवजी येतो तो शब्द सर्वनाम, ही व्याख्या मुले एका दिवसात पाठ करतात. परंतु वाक्यातले सर्वनाम कोणत्या नामाबद्दल आले आहे हे ओळखणे हाच खरा अभ्यास. टेक्सासमधील फ्रिस्कोसारख्या ठिकाणी मुले शाळेत दिवसभर इंग्रजी बोलतात. तेथे हा अभ्यास पालकांनी घरी करून घ्यावा.

पाठ १. मुलांना त्यांच्याच गावाची माहिती द्यावी. सेंट लुई–सॅन फ्रान्सिस्को रेल्वेला लोक 'फ्रिस्को' म्हणत. १९०४ साली तिच्यावरून गावाने त्याचे नाव ठरविले. आता विचारावे : 'तिच्या' म्हणजे कोणाच्या? रेल्वेच्या. 'त्याचे' म्हणजे? गावाचे. इंग्रजीत दोहोंना 'इट' पुरते. मराठीत लिंग ठाऊक हवे. म्हणून प्रत्येक नाम सर्वनामासह शिकवावे : ती रेल्वे, ते गाव, तो दिवा.

पाठ २. हिब्रू शिकणाऱ्या मुलांचा येथे हमखास गोंधळ होतो. इंग्रजीत 'ही' म्हणजे तो. हिब्रूत 'हू' म्हणजे तो आणि 'ही' म्हणजे ती. मराठीतली 'ही'सुद्धा स्त्रीलिंगीच. शिवाय हिब्रूत नपुंसकलिंग नाही. तिन्ही भाषांचा तक्ता करून भिंतीवर लावावा.

पाठ ३. "योनाथानाने दावीदाला आपला झगा दिला." झगा कोणाचा? योनाथानाचा, कारण 'आपला' हा शब्द कर्त्याकडे वळतो. "त्याचा झगा दिला" असे म्हटले, तर दावीदाचाच झगा त्याला परत दिला असे वाटेल. मुलांना सर्वनामापासून नामापर्यंत पेन्सिलीने बाण काढावयास सांगावे.

पाठ ४. इंग्रजीच्या 'वुई'साठी आपल्याकडे दोन शब्द आहेत. नातू टेलिफोनवर आजीला म्हणाला, "आम्ही शब्बाथचा दिवा लावू," तर त्यात आजी नाही. "आपण लावू" म्हणाला, तर आजी आहे. एवढ्या एका शब्दाने दूरचे माणूस जवळ येते किंवा बाहेर राहते. मुलांना हा फरक अवश्य समजावा.

गृहपाठ : "नामी रूथला म्हणाली की तिने माहेरी परत जावे." 'तिने' म्हणजे कोणी? येथे दोघीही स्त्रिया, म्हणून लिंगावरून उत्तर मिळणार नाही. रूथची गोष्ट मुलांना आधी सांगावी, मग बाण काढू द्यावा.