पार्किंगमधलं तेल कुठं जातं?

पुण्याच्या पहिल्या पावसात ज्याची गाडी एकदाही घसरली नाही, असा होस्टेलवाला विरळाच! महिनोन्‌महिने रस्त्यावर साचलेलं ऑईल, टायरचा चुरा आणि धूळ यांचा तो प्रताप. दोन-तीन सरींत रस्ता धुऊन निघतो आणि आपण निर्धास्त होतो. मी पडलो सोलापूरचा, म्हणून मला पुढचा प्रश्न पडतो : धुतलेलं गेलं कुठं?

बाथरूमचं पाणी ड्रेनेजमधून शुद्धीकरण केंद्राकडे नेतात (सगळं पोचत नाही, तो विषय वेगळा). रस्त्याकडेच्या जाळीत पडलेलं पाणी मात्र पावसाळी गटारातून थेट ओढ्यात आणि तिथून मुठेत. मुळा-मुठा भीमेला मिळते, भीमेवर उजनी धरण, आणि उजनीचं पाणी आमच्या घरच्या नळाला. म्हणजे तुम्ही इथं गाडी धुता, आई तिथं पाणी गाळते.

सिव्हिलवाल्यांना रॅशनल फॉर्म्युला पाठ असतो. बाकीच्यांसाठी : एक चौरस मीटरवर १ मि.मी. पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. ५०० चौ.मी. पार्किंगवर २० मि.मी. पाऊस झाला, तर १०,००० लिटर. डांबराचा गुणांक ०.९ धरा, ९,००० लिटर वाहून जातात. तिथंच हिरवळ असती आणि गुणांक ०.२ धरला, तर फक्त २,०००. बाकीचं माती पिते. त्यातही पहिलं पाणी सगळ्यांत घाण, कारण साचलेला मळ तेच उचलतं.

म्हणून खरं काम पावसाआधीचं. मे महिन्यात पार्किंग कोरडंच झाडून कचरा उचलायचा. पाईप लावून धुतलं की घाण गटारातच जाते. तेल सांडलं तर पाणी मारू नका, लाकडाचा भुसा टाका, तेल शोषलं की गोळा करा. बदललेलं ऑईल गॅरेजवाल्याच्या पिंपात. गाडी जाळीपाशी न धुता मातीच्या जागेवर, ओल्या फडक्यानं आणि एका बादलीत. बागेला खत घालायचं तर पावसाच्या तोंडावर नको. त्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरस वाहून गेला, तर पुढे जलपर्णीच पोसते.

आता रेक्टर सरांना एक विनंती. आपल्या गच्चीचा पाईप सध्या पार्किंगच्या काँक्रीटवर सुटतो. तो शेजारच्या बागेत वळवून खाली खडी भरलेला शोषखड्डा केला, तर गच्चीचं पाणी तेल धूत जाणार नाही. दहा फूट पाईप आणि एक एल्बो लागेल. मी मोजून आलोय.