बटाटा : एकादशीला चालतो, एरवी का नाही?

प्रश्न : सासूबाई माळकरी आहेत, वय ६२, मधुमेह आहे. एकादशीला साबुदाणा-बटाटा पोटभर खातात, एरवी मात्र बटाट्याला हात लावत नाहीत. बरोबर काय?
– एक वाचक, माढा

उत्तर : बटाटा वर्ज्य नाही, पण हिशेबात तो भाजीत नव्हे, भाकरीत धरावा. १०० ग्रॅम उकडलेल्या बटाट्यात सुमारे ८७ कॅलरी आणि २० ग्रॅम कर्बोदके असतात. शिवाय पोटॅशियम व थोडे क जीवनसत्त्व. म्हणून बटाट्याची भाजी असेल त्या दिवशी ज्वारीची भाकरी अर्धी कमी करावी. सोबत मटकीची उसळ, मेथी घ्यावी.

खरी काळजी एकादशीचीच. खिचडी, बटाट्याचा कीस आणि वेफर्स एकाच दिवशी खाल्ले की साखर चढते. त्याऐवजी थोडी भगर, दाण्याची आमटी, दही, काकडी आणि हवा तर एक लहान उकडलेला बटाटा पुरे. उकडून गार केलेल्या बटाट्यातला काही स्टार्च सहज पचत नाही, त्यामुळे साखर जरा सावकाश वाढते. हिरवट, कोंब फुटलेले बटाटे टाकून द्या.

मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर पोटॅशियममुळे बटाट्याचे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असल्यास उपवासाच्या दिवशीचा डोसही आधीच विचारून ठेवा.